दोन शिपायांमधलं निशाण

अमरावतीजवळ आमचा संत्र्याचा मळा. तिथं विहीर खोदताना हिरव्या किटणानं माखलेली सात नाणी निघाली आणि ती बघायला अकोल्याहून जुन्या नाण्यांचे जाणकार गोवर्धन मास्तर आले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्यांनी एक नाणंच माझ्या तळहातावर ठेवलं.

"हा रोमचा बादशहा," ते म्हणाले. "हाही तुमच्यासारखाच... समोरच्याकडे सरळ बघत नाही."

मला हसू आवरेना. मग त्यांनी ओळखायची खूण सांगितली. अशा नाण्यांच्या मागे बहुधा दोन शिपाई असतात. त्यांच्यामध्ये दोन निशाणं असली तर नाणं आधीचं, एकच असलं तर नंतरचं. पण मागची बाजू सगळी किटणाखाली दडलेली. सोमवारी येऊन ती नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे संग्रहालयात नेतो, तोवर जमुनाबाईंनी सांभाळावीत, असं बाबांना सांगून ते गेले. माझं नाव त्यांनी कधी विचारून घेतलं, कोण जाणे.

रविवारी मी सातही नाणी चिंचेच्या कोळात भिजवली, राखेनं घासली. एकावर शिपाई उमटले. अजून लख्ख व्हावीत म्हणून घासतच राहिले... पुसून पाहिली, तर सगळी चकचकीत आणि गुळगुळीत. शिपाई नाहीत, बादशहा नाही.

बाबा म्हणाले, किटणानंच खाल्ली म्हणून सांगू. मला ते पटेना. सोमवारी मास्तर येताना दिसले तेव्हा मीच पुढे होऊन सगळं सांगून टाकलं.

ते भिंग लावून एकेक नाणं बघत राहिले.

"काहून घासली?"

"तुमाले आवडतीन म्हणून."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. घासताना काही दिसलं होतं का, असं हळूच विचारलं. मी काडीनं मातीत काढून दाखवलं — दोन शिपाई, मध्ये एकच निशाण, खाली मला न कळणारी चार अक्षरं. तीन नीट आठवली, चौथं आठवेना. तसं सांगितलं.

त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. "हे म्या पाह्यलं नाही, माह्या नावावर कसं लिहू?" म्हणत खाली लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: 'पाहणार, जमुना शालिकराम. चौथे अक्षर आठवत नाही, असे सांगतात.'

बाबा विहिरीकडे होते. मास्तर नाणी रुमालात बांधू लागले, पण गाठ काही बसेना.

"नागपूरहून आलो का तुमच्या बाबांशी बोलायचं म्हणतो... नाण्यांचं नाही. तुमच्या मनात असंन तर."

मी रुमाल पुढे ओढून गाठ मारून दिली. परत याले किती दिवस लागतीन, मी विचारलं.

"चार."

"चार लय होतेत," मी म्हणाले.