वोझ्निआकांच्या ओसरीवरचा दिवा

"ब्रिडी, थांब! तुझी एक बरगडी गळून पडली!" टेरेन्स मागून ओरडला.

ब्रिडीने पुठ्ठ्याची पांढरी बरगडी उचलून काळ्या स्वेटरवर पुन्हा चिकटवली. आज हॅलोविन, सोंगं घेऊन घरोघरी खाऊ मागायची रात्र! ती सांगाडा झाली होती, शेजारचा टेरेन्स वटवाघूळ, आणि तिचा आठ वर्षांचा भाऊ कॉल्म चक्क ट्रॅफिकचा सिग्नल. खोक्यात अडकल्यामुळे तो बदकासारखा चालत होता.

शिकागोवर सरोवरावरून धुकं उतरलं होतं. साडेपाचलाच दिवेलागण झाली होती. कुणाच्या अंगणात थडगी उभी होती, कुणाच्या मातीतून हात वर आला होता. सगळं खोटं, हे ब्रिडीला ठाऊक होतं. तरी ती रस्त्याच्या मधूनच चालत होती!

कोपऱ्यावरच्या घरासमोर मात्र गर्दी जमली होती. ते मिस्टर वोझ्निआकांचं घर. त्यांची बायको हेलेना गेली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून हॅलोविनला त्यांच्या ओसरीवरचा दिवा बंदच असायचा. दिवा बंद, म्हणजे त्या घराची बेल वाजवायची नाही. शिकागोतलं शेंबडं पोरही हे जाणतं.

आज तो दिवा लागला. विझला. बराच वेळ अंधार. पुन्हा लागला. दाराच्या धुरकट काचेमागे काहीतरी हललं. हात? पण इतका बारीक? काठीसारखा तो हात वर चढला, थरथरला आणि खाली पडला. दिवा विझला.

"वा! काय सजावट आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलांसोबत आलेला ब्रिडीचा फर्गस मामाही फोनवर चित्रण करून टाळ्या पिटू लागला.

ब्रिडीच्या अंगावर काटा आला. "मामा, या घरात कसली सजावट? एक भोपळासुद्धा नाही बाहेर!"

"तेच तर डोकं लढवलंय!"

"मग दिवा चालू आहे की बंद? जायचं की नाही?" टेरेन्सने विचारलं.

"बंद. निदान अर्धा तरी. नियम म्हणजे नियम. चला पुढे," मामा म्हणाला.

"पण तो लुकलुकतोय!" सिग्नलमधून आवाज आला. "लाल दिवा लुकलुकला की थांबायचं, बघायचं आणि मग जायचं! मी सिग्नल आहे, मला माहीत असणार ना?"

"सिग्नलसाहेब, पाय उचला," मामा हसला.

ब्रिडीने कॉल्मच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याचे डोळे मोठे झाले. "माझा सगळा खाऊ?" तो कुजबुजला.

"माझ्यातला अर्धा देईन."

कॉल्मने एक उसासा टाकला आणि खाऊची बादली फाटकावरून भिरकावली. चॉकलेटं थेट ओसरीपर्यंत पसरली!

"माझा खाऊऽऽ!" त्याने भोकाड पसरलं.

"अरे देवा! जा, आणा उचलून. पटकन!" मामा वैतागला.

ब्रिडी धावली ती सरळ दारापाशी. आतून खरवडल्यासारखा आवाज येत होता. तिने दारातल्या टपाल टाकायच्या फटीतून आत पाहिलं.

जमिनीवरून दोन डोळे तिच्याकडे बघत होते.

ती किंचाळणारच होती, तेवढ्यात ते डोळे मिटले आणि घोगरा आवाज आला, "पोरी... जाऊ नकोस."

"मामा!" ब्रिडी ओरडली. "मिस्टर वोझ्निआक पडलेत! खरोखरचे!"

मामा धावत आला. त्याने रुग्णवाहिका बोलावली. मागच्या दाराची किल्ली कुंडीखाली असल्याचं म्हाताऱ्याने फटीतून सांगितलं, तसा टेरेन्स गल्लीतून धावत सुटला.

आत एक खुर्ची उलटली होती. लाकडी परात पालथी होती आणि जमिनीवर नव्या पिशवीतून सांडलेली चॉकलेटंच चॉकलेटं. मिस्टर वोझ्निआकांच्या हातात केरसुणीचा लांब दांडा होता. काचेमागचा तो बारीक हात!

"यंदा दिवा लावायचं ठरवलं होतं," ते म्हणाले. "हेलेनाची खाऊची परात कपाटावरून काढताना पडलो. कंबर हलेना. चार वाजल्यापासून दांड्याने दिव्याचं बटण ढकलतोय. बाहेर टाळ्या ऐकू येत होत्या."

मामाने आपला कोट काढून त्यांच्या अंगावर घातला.

रुग्णवाहिकेतल्या बाईंनी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. "आणखी उशीर झाला असता, तर फार वाईट झालं असतं. कुणाच्या लक्षात आलं हे?"

"या तिघांच्या," मामा खाली बघत म्हणाला. "मी टाळ्या वाजवत होतो."

"शाबास रे पोरांनो! आणि सिग्नलसाहेब, तुम्हाला सलाम!" बाई म्हणाल्या.

मिस्टर वोझ्निआकांनी ब्रिडीची बाही धरली. "दिवा विझवू नका. हेलेना मोठ्यांना दोन चॉकलेटं द्यायची. लहानांना तीन."

रुग्णवाहिका धुक्यात शिरली. तिघं ओसरीच्या पायरीवर परात घेऊन बसले. डोक्यावरचा दिवा आता स्थिर जळत होता. रस्त्यावरून एक चिमुकली चेटकीण बिचकत जवळ आली.

ब्रिडीने तिच्या पिशवीत तीन चॉकलेटं टाकली.

"मीही लहानच आहे हं," कॉल्म म्हणाला आणि त्याने सिग्नलमधून हात पुढे केला.