कमानीखाली कुणी जाईना

"मॅडम, लवकर या! चर्चची कमान ढासळतेय, नाथा गेला!" हवालदार फोनवर ओरडत होता.

सब-इन्स्पेक्टर आशा गांगुर्डे चहा तसाच टाकून देवळालीच्या त्या जुन्या चर्चला पोचली. दारात चपलांचा ढीग होता. इथे आत अनवाणीच जातात, म्हणून तिनंही बूट काढले.

आत राखणदार नाथा पालथा पडला होता. पायात बक्कल लावलेल्या चपला, डोक्याशी रक्तानं माखलेला चौकोनी दगड. वर इंग्रजांनी मध्ययुगीन गॉथिक धाटणीवर उभारलेली टोकदार कमान, पार अंधारात गेलेली. सगळे भिंतीला चिकटून उभे होते. हवालदारसुद्धा!

"मी कधीचा ओरडतोय, कमान धोकादायक आहे," दुरुस्तीचा ठेकेदार ज्ञानेश बूट वाजवत पुढे आला. "आता तरी पाडायची परवानगी द्या."

"नवं चर्च कोण बांधणार?"

"मीच. का?"

"आज इथे कधी आलात?"

"आत्ताच. फोन आल्यावर."

नाथाची बायको चंद्रभागा तोंडात पदर कोंबून रडत होती. "जन्मभर ह्या देवळाची राखण केली, आणि त्यानंच ह्यांचा जीव घेतला हो!"

खोटं कशाला बोला, आशाची गाळण उडाली होती. घरी लहान लेक होती. तरी टॉर्च घेऊन ती कमानीखाली गेली. वरून चुना केसांत पडला. मेले आता, असंच तिला वाटलं. डोळे मिटले, मग उघडून वर पाहिलं.

बराच वेळ पाहिलं.

"कमान अख्खी आहे," ती म्हणाली. "एक दगड निसटलेला नाही. कमानीचे दगड पाचरीसारखे निमुळते असतात, एकमेकांना दाबून धरतात. हा चौकोनी आहे. बाहेरच्या टेकूच्या भिंतीचा. तिथे काम कुणाचं चालू आहे?"

ज्ञानेश एक पाऊल मागे सरकला.

"कमान पडावी आणि नव्या चर्चचं काम मिळावं म्हणून भिंत तूच खिळखिळी करत होतास. नाथानं पाहिलं, तू त्याला बाहेरच मारलंस आणि उचलून इथे आणून टाकलंस. भीतीपोटी कुणी वर बघणार नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. पण नाथा चपला घालून आत येईल? ही चूक इथला माणूस करणार नाही. बघ, सगळे अनवाणी आहेत."

सगळ्यांच्या नजरा ज्ञानेशच्या बुटांवर गेल्या.

"तो ओरडायला लागला," ज्ञानेश पुटपुटला. "पहार हातातच होती..."

हवालदारानं त्याचा दंड धरला.

"म्हणजे ह्यांना देवळानं नाही मारलं?" चंद्रभागानं विचारलं.

"नाही, बाई."

भिंतीजवळची माणसं अजूनही हलली नव्हती. चंद्रभागा एकटीच पुढे आली आणि कमानीखाली नवऱ्याजवळ जाऊन बसली.