निम्मा घाम

मुतारीच्या उंबऱ्याशी मुंग्यांची रांग.

भाचीच्या लग्नाला जाताना एका पायातली चप्पल वाटेतच गळून पडली. मांडवात पोचल्यावर दुसऱ्यानं दाखवलं तेव्हा कळलं.

एक चहा, दोन बशा.

मनगटावर दिवा. पिवळा.

हे सगळं सिदगोंडा मगदूमचं. त्याला यात एकमेकांशी जोडलेलं काही दिसत नव्हतं.

तो इचलकरंजीतल्या एका कारखान्यात वहिफणीला होता. माग आता आपोआप चालत, तुटलेला धागा आपोआप जोडत. पण नव्या नक्षीचं थोडकंच कापड काढायचं, तर ताण्याचा एकेक उभा धागा वहीच्या, म्हणजे तारांच्या चौकटीच्या, डोळ्यातून आणि फणीच्या दातातून ओढायला अजून माणूसच स्वस्त पडे. हे काम जोडीनं होतं. चौकटीच्या पलीकडून कय्यूम धागा पुढे करी, अलीकडून सिदगोंडा तो आकड्यानं ओढून घेई. दोघांच्या लग्नांआधीपासूनची ही जोडी. चहा निम्मा, तंबाखू निम्मी, उशीर झाला तर बोलणीही निम्मी.

उन्हाळ्याच्या तोंडावर सगळ्यांच्या मनगटांवर घामपट्ट्या आल्या. रबरी पट्टी, आत नखाएवढी चकती. घामातलं मीठ, साखर आणि त्यावरून थकवा ही चकती मोजत राही. कामगाराला दिसे तो फक्त दिवा. हिरवा, पिवळा नाहीतर लाल. सारखा लाल होऊ लागला की जोडीतून काढून झाडलोटीला. पट्टी दुसऱ्याच्या हाती दिली की थेट घरी.

जेवणानंतर सिदगोंडाचे हात जड पडत. मुतारी, तिथून माठ, पुन्हा मुतारी. एका धाग्याचे दोन दिसत. त्याला वाटे, ऊन बाधतंय. मग तो घरी जाताना उसाचा रस पिई आणि दुसऱ्या दिवशी आणखी गळून जाई. खात्याचा मुकादम, जॉबर, त्याला ‘संस्थानिक’ म्हणू लागला. झालं का राज्य फिरून, असं सगळ्यांदेखत विचारी. दिवा लाल होऊ लागला.

कय्यूमनं जोडीच्या रिवाजाला धरूनच वाट काढली.

“आण हिकडं,” तो चौकटीखालून हात पुढे करत म्हणाला. “तुझं तांबडं आन् माझं हिरवं. वाटून घेतलं की पिवळं.”

तेव्हापासून ते अधूनमधून पट्ट्या बदलू लागले. दोघांचाही दिवा पिवळा. पिवळ्यावर कुणी बोलत नाही.

चकती साखरेचा हिशेब वेगळा ठेवते, हे दोघांना ठाऊक नव्हतं. एकाच पट्टीत साखर सलग चढी राहिली असती, तर विम्याच्या आरोग्यकेंद्राला आपसूक सूचना गेली असती. इथे एकीत ती चढे आणि उतरे, दुसरीत उतरे आणि चढे. धोक्याची रेषा कुठलीच पट्टी ओलांडत नव्हती. सिदगोंडानं एकाच डोळ्यात दोन धागे ओढले, साड्यांच्या अख्ख्या लांबीवर रेघ पडली, जॉबरनं शेवटची समज दिली, तरी सूचना गेली नाही.

दिवाळीआधी आरोग्यकेंद्राच्या हेरवाडे सिस्टर कारखान्यात आल्या. केंद्रात त्यांनी सहज दोन आलेख एकावर एक ठेवले होते. एकाचा चढ नेमका दुसऱ्याच्या उतारात बसत होता.

“माझ्याकडं दोन अर्धे रुग्ण आलेत,” त्या म्हणाल्या. “मधुमेह असा वाटून होत नाही. तुमच्यात मिळून एकाला आहे. कुणाला?”

उत्तर म्हणजे कबुली. दारात जॉबर उभा होता. उकाड्यानं यंत्र बिघडलं असेल, असं काहीसं सिदगोंडा पुटपुटला.

कय्यूमनं पट्टी सोडून टेबलावर ठेवली. “ह्याला. पट्टी मीच मागून घ्यायचो. ह्यो नगं म्हणायचा.”

शेवटचं वाक्य खोटं होतं.

सिस्टरांनी सिदगोंडाचं बोट टोचलं आणि आकडा दोनदा वाचला. पाय बधिर झालेत तेही साखरेनंच, डोळ्यांच्या पडद्यालाही धक्का लागला असावा, औषध आणि पथ्य सांभाळलं तर पुढचं अडवता येईल, असं त्यांनी सांगितलं. उपचार चालू असलेल्याला कामावरून काढता येत नाही, असा नियम पट्टीबरोबरच आला होता. तो मात्र कुणी वाचून दाखवला नव्हता. कय्यूमसाठी कुठलाच नियम नव्हता. तो त्याच संध्याकाळी कायमचा घरी गेला.

आता सिदगोंडाला एक धागा एकच दिसतो. चौकटीच्या पलीकडे यंत्राचा हात बसवलाय. तो बिनचूक धागा पुढे करतो. चहा घेत नाही.

पुढच्या तपासणीला सिदगोंडानं विचारलं, “सिस्टर, माझ्या घामात साखर हाय, हे पट्टीला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी.”

“मग तिनं मला का न्हाई सांगितलं?”

सिस्टरांनी पुढचं बोट टोचलं.

पट्ट्या यायच्या आधीच्या वर्षी सिदगोंडानं चष्म्याचा नंबर दोनदा बदलून घेतला होता. रक्त तपासून घे, असं तेव्हाही कुणी म्हटलं नव्हतं.