तळहातावरचा नारळ

राजसीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो शेठच्या लॉनवर डोळे मिटून चालत होता. उजवा हात पुढे, आणि उघड्या तळहातावर आडवा ठेवलेला सोललेला नारळ. समोर समुद्र नुसता चकाकत होता. मे महिन्याचं ऊन, वारा खारट, आणि हा पठ्ठ्या लग्नातल्या नवऱ्यासारखा एकेक पाऊल मोजत चाललेला...

राजसी गच्चीवर पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होती. तिला गप्प बसवेल तर ना!

"ए हिरो! देऊळ पलीकडे आहे. नारळ तिकडे फोडतात."

त्यानं डोळे उघडले नाहीत. "फोडायचा नाय, उभा करायचाय. बोलू नको, पाणी पळतं."

"पाणी पळतं? भेंडी, पाण्याला काय पाय असतात?"

त्यानं डोळा उघडला. एकच. वर बघून म्हणाला, "अंबरनाथ... ईस्ट?"

राजसीच्या हातातली चादर हातातच राहिली. "तुला कोण बोललं?"

"'कोण बोललं'... बघ, परत! इकडच्या पोरी असं नाय बोलत. मी शिरगावचा. बदलापूर. सम्यक."

"मी नाव विचारलं?"

"नाय. पण विचारणार होतीस."

तिनं रागानं चादरीचा चिमटा फेकून मारला. तो नेमका त्याच्या खांद्यावर बसला. त्यानं चिमटा उचलला, शर्टाच्या खिशाला लावला, आणि परत डोळे मिटून चालायला लागला — जसं काही बक्षीसच मिळालं होतं.

राजसीच्या नाकावर राग पहिल्यापासूनचा. दहावीत बाईंशी भांडली आणि दप्तर बाकावर ठेवून निघून आली, ती परत गेलीच नाही. त्याच वर्षी अंबरनाथच्या एका कारखान्यात बॉयलर फुटला आणि तिचे पप्पा गेले. आई, सरस्वती, उल्हासनगरला शेठच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापायची. शेठ माणूस वाईट नव्हता. त्यानंच म्हटलं, ताई, अलिबागेकडे समुद्राला लागून माझा बंगला आहे, चावी सांभाळा, तिथंच राहा.

अंबरनाथच्या बिल्डिंगीतल्या बाया अजून म्हणतात, सरस्वतीची मजा आहे बाबा, समुद्राकाठी बंगल्यात राहते. राहते खरी. जनरेटरच्या मागे, आठ बाय दहाच्या खोलीत.

गावात त्या रस्त्याला बंगलेआळी म्हणतात. बारा बंगले, बारा कुत्रे, बारा उंच गेटं. आठ महिने तिथं चिटपाखरू नसतं. तेव्हा राजसी राणी. सगळा किनारा तिचा, गच्ची तिची, सूर्य पण तिचाच. उन्हाळा आला की गाड्यांच्या रांगा लागतात, स्पीकर वाजतात, टॉवेल मागितले जातात, आणि राणीची मोलकरीण होते. यंदा पाहुण्यांनी एकच घोषा लावला होता, स्विमिंग पूल नाही? समोर अख्खा समुद्र पडलाय, तरी पूल नाही? म्हणून शेठनं पूल काढला. पुलाला पाणी पाहिजे, म्हणून बोअर. बोअर कुठं मारायची ते सांगायला आला सम्यक. पाणाड्या. त्याचे आबा, म्हणजे वडील शंकर, आख्खं बदलापूर त्यांच्या नारळावर खोदलं गेलं, असं तो छाती फुगवून सांगायचा.

मशीन यायला चार दिवस होते. चार दिवसांत माणूस किती वेळा एकाच लॉनवर चालेल? सम्यक चालला. राजसी झाडू मारते तिथं चाललाच, तिनं झाडू दुसरीकडे नेला की पाणीही तिकडेच सरकायचं.

"काय रे, पाण्याला माझ्यामागे काय काम?"

"मला काय माहीत. नारळाला विचार."

"नारळाला शेंडी आहे, अक्कल नाय."

"मग माझ्यासारखाच आहे," तो म्हणाला. राजसीला हसायचं नव्हतं, तरी...

तिसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे जेवून लवंडले होते. वारा पडला होता. सम्यकनं नारळ तिच्यापुढे धरला. "घे. तू बघ."

"मी?"

"हात उघड. घट्ट नाय... सैल. पाखरू बसलंय असं समज."

तिनं हात उघडला. त्यानं खालून तिच्या मनगटाला आपला हात लावला. नुसता लावला, धरला नाही. दोघं चालायला लागले. नळाजवळ काही नाही. झोपाळ्याजवळ काही नाही. मागच्या भिंतीला लागून पेरूचं झाड होतं, तिथं सावलीत आले, आणि — नारळ थरथरला. हलला. आणि शेंडी वर करून चक्क उभा राहिला!

"आई गं!" राजसी किंचाळली आणि हसत सुटली. नारळ उभा तो उभाच. सम्यक नारळाकडे बघतच नव्हता.

"ताई, वन्स मोअर!" वरून आवाज आला. शेठची पुतणी रिद्धी बाल्कनीत मोबाईल धरून उभी होती. "मस्त रील आली!"

सम्यकनं हात काढून घेतला. राजसीच्या मनगटाला मात्र तो पुढे कितीतरी वेळ होताच.

संध्याकाळी ती कळशी घेऊन मागच्या वाडीत गेली. भिंतीपलीकडे कुंदाकाकीची वाडी. चाळीसेक सुपाऱ्या, अबोलीची ओळ, आणि मधोमध विहीर. मायलेकी बंगल्यात राहायला आल्या तेव्हा खोलीच्या नळाला पंधरा दिवस पाणी नव्हतं. कुंदाकाकीनं न विचारता पहिली बादली भिंतीवरून दिली होती. तेव्हापासून राजसीला एक काम लागलं होतं. मिशरी लावून लावून काकीची जीभ मेलेली. विहिरीतलं पाणी गोडं आहे की मचूळ झालं, ते रोज राजसीनं चाखून सांगायचं.

"बघ गो चव."

राजसीनं ओंजळ लावली. "गोड. साखर टाकलीस काय काकी?"

"मग आज कुठं उभा ऱ्हायला त्याचा नारळ?"

"त्याचा नाय, माझा!" राजसी उड्या मारत म्हणाली. "तुझ्या भिंतीला लागून. पेरूखाली."

कुंदाकाकीनं नुसतं बोट दाखवलं. दोन बंगले सोडून पलीकडे सुपारीच्या उंच काठ्या उभ्या होत्या. शेंड्याला एक पान नव्हतं. राजसीनं त्या रोज पाहिल्या होत्या. कशानं झाल्या ते विचारलं मात्र कधी नव्हतं.

"तीन वर्सांमागं तिथं बंगलेवाल्यानं बोअर मारली," काकी म्हणाली. "दर्या खालून वाट बघत असतो, पोरी. वरचं गोडं पाणी उपसलं की तो आत शिरतो. एकदा शिरला की जात नाय. माझी विहीर गेली तर मागची सहा घरं काय पिणार? मी या वयात कुठं जाऊ?"

ओंजळीतलं पाणी राजसीच्या बोटांतून गळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सम्यकला गेटजवळ गाठलं. आज तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यामुळे तोच घाबरला.

"खोटं बोलशील?"

"कोणाशी?"

"सगळ्यांशी. नारळ समुद्राकडच्या टोकाला उभा कर. तिकडे खारंच लागेल, शेठ नाद सोडेल."

"राजसी... आबांनी शिकवलंय. नारळ खोटं बोलत नाय."

"नारळाला कोण सांगतंय? तू बोल."

तो तिच्याकडे बघत राहिला. खिशाला अजून तो चिमटा होता. "मशीनवाले कामावरून काढतील मला."

"माहितेय."

"आणि तू काय देशील?"

"काय पण नाय," ती म्हणाली. मग हळूच, "...नंबर देईन."

त्या दुपारी शेठसमोर, मशीनवाल्या रामभाऊंसमोर, नारळ समुद्राच्या टोकाला उभा राहिला. बोअरची गाडी घरघरली. पांढरी धूळ उडाली, मग ओली झाली. ऐंशी फुटांवर पाणी लागलं. शेठनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला.

"रामभाऊ, ये क्या है? खारा पानी तो मेरे सामने फुकट पडा है!"

राजसी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं श्वास सोडला. संपलं. वाचली विहीर.

तेवढ्यात रिद्धी धावत आली. "काका, पण तिकडे उभा राहिला होता ना! ताईच्या हातावर. हे बघा."

शेठनं मोबाईल हातात घेतला. पेरूचं झाड, मागची भिंत, उभा नारळ, आणि हसणारी राजसी. एवढी खूष ती आयुष्यात कधी दिसली नसेल. शेठनं दोनदा बघितलं.

"मशीन इधर लगाव."

राजसी धावली. पेरूखाली जाऊन दोन्ही पाय रोवून उभी राहिली. "नाय लावायची! शेठ, मागे सहा घरांचं पाणी आहे. मी हलणार नाय!"

पाहुणे चहाचे कप घेऊन व्हरांड्यात जमले. कोणीतरी मोबाईल वर केला. शेठचा चेहरा पडला, पण आवाज चढला नाही. "बेटा, जमीन माझी आहे."

मग आई आली. सरस्वतीनं आरडाओरडा केला नाही. जवळ येऊन पोरीचा दंड धरला. "हल तिथनं. तुझा बाप गेला तेव्हा याच माणसानं छप्पर दिलं. माझ्यासाठी हल." आईनं दंड सोडला नाही. त्या हातापुढे राजसीचा सगळा राग ढासळला.

"सम्यक, पाइप धर," रामभाऊ ओरडले.

"मी नाय धरणार."

"मग चालत जा बदलापूरला!"

तो गेला. खरंच चालत गेला. गेटपाशी एकदा वळला... नंबर द्यायचा राहिला होता. राजसीचा दंड आईच्या हातात होता.

एकशे दहा फुटांवर गोडं पाणी उसळलं. माडाएवढं उंच. पाहुण्यांची पोरं खाली नाचली, चिंब भिजली. त्याचे तुषार भिंतीपलीकडेही गेले. पलीकडे कुंदाकाकी उभी होती. तिच्या पांढऱ्या केसांवर ते पडत राहिले, तिनं पुसले नाहीत.

सीझन संपला. शेठनं बंगला भाड्यानं लावायला एका एजन्सीला दिला, त्यांची माणसं वेगळी. सरस्वती आणि राजसी परत अंबरनाथ पूर्वला आल्या, मधूमामाच्या दोन खोल्यांत. आता धागे राजसी कापायची, उल्हासनगरच्या दुसऱ्या एका कारखान्यात. निळा रंग नखांतून निघायचा नाही. डोळे मिटले की नारळ दिसायचा. ती डोळे मिटायचीच नाही.

पुढचा एप्रिल आला. रविवारची संध्याकाळ होती. स्टेशनबाहेर ती रिक्षावाल्याशी कचाकचा भांडत होती. "चौथा माणूस बसवतोस? भेंडी, मांडीवर बसू का तुझ्या?"

"आवाज तोच," मागून कोणी म्हणालं.

ती वळली. वाळलेला, काळवंडलेला, हातात पाण्याची बाटली. सम्यक.

"पाच रविवार इथं उभा आहे. म्हटलं, अंबरनाथ ईस्ट आहे, कुठंतरी भांडण होईलच... तिथं तू असशील."

राजसीला रडू आलं, म्हणून तिनं विचारलं, "नारळ कुठंय?"

"सोडला. सिमेंटच्या गोणी उचलतो." त्यानं बाटली पुढे केली. "कुंदाकाकीकडे गेलो होतो. ती म्हणाली, हे पाणी पोरीकडं ने, चव बघायला सांग. मला काय कळत नाय म्हणाली."

राजसीनं झाकण काढलं. एक घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. गिळायला जड गेला.

खारट. साफ खारट.

"माझ्यामुळं," ती म्हणाली. "माझ्या हातावर उभा राहिला."

सम्यकनं मान खाली घातली. "राजसी... नारळ तुझ्या हातावर उभा नाय राहिला. खालून मी मनगट फिरवलं. आबा पण तसंच करायचे. मला कधीचं कळलं होतं, पण कोणाला बोललो नाय."

"पेरूखालीच का?"

"सावली होती. आणि तोपर्यंत नारळ उभा नसता राहिला... तर तू हात काढून घेतला असतास." त्यानं आपला तळहात पँटला पुसला. "मला अजून थोडा वेळ पाहिजे होता. एवढंच."

रिक्षा भरून निघून गेली. दुसरी लागली. राजसीच्या डोळ्यांपुढे सुपारीच्या चाळीस काठ्या उभ्या राहिल्या. एका हाताच्या उबेसाठी सहा घरांचं पाणी... त्याला थोबाडीत मारावी म्हणून तिनं हात उचलला. उचलला, आणि तिला आपलंच हसणं आठवलं, मोबाईलमधलं. तिनं तरी कुठं हात काढला होता?

तिनं बाटली तोंडाला लावली आणि पिऊ लागली. घोट, घोट, घोट. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं, उलटी होईल..."

ती थांबली नाही. बाटली अर्धी झाली तेव्हा सम्यकनं ती तिच्या हातातून काढून घेतली.

"अर्धं माझं," तो म्हणाला. आणि उरलेलं सगळं पिऊन टाकलं.

दोघं तिथंच उभे राहिले, खारट तोंडांनी. रिकामी बाटली दोघांच्या मध्ये.

"काकीला माहितेय? मनगटाचं?" तिनं विचारलं.

"नाय."

"सांगायला लागेल."

"झाडूनं मारेल."

"मारू दे. आधी तुला, मग मला." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "सकाळची पहिली एसटी किती वाजता?"

"पावणेसहा."

"उशीर केलास तर बघ."

ती निघाली. चार पावलं गेली, परत आली, आणि नखांत निळा रंग बसलेला हात त्याच्यापुढे उघडा धरला. मोकळा. सैल.

"मनगट नको फिरवू," ती म्हणाली. "नुसता धर."