आखाजीला बसवलेली पाहुणी

ही घटना खरी आहे. पुरावा मागणाऱ्यांना देण्याजोगं माझ्याकडे काही नाही. उभं आयुष्य महाविद्यालयात इतिहास शिकवण्यात गेलं. पुरावा नसलेल्या किती गोष्टी खऱ्या असतात, हे मी शिकवलेल्या विषयानेच मला दाखवलं.

भुताची गोष्ट रात्री घडावी अशी आपल्याकडे शिस्त आहे.

ही दुपारी घडली. जळगावात, मेहरूण तलावापासून जवळच, गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. डांबर बुटाला चिकटेल असं ऊन होतं.

इंग्रिड नॉर्वेची. वय बावीस. अजिंठा बघून झाला होता आणि आता तिला ‘खरं शहर’ बघायचं होतं. सराफ बाजार, तलाव, भरताची वांगी विकणारे... जे दिसेल ते. अखिल हा माझा जुना विद्यार्थी. घरच्या कापडाच्या दुकानात त्याचं मन रमलं नाही, म्हणून तो परदेशी पाहुण्यांना ‘अस्सल खान्देश’ दाखवतो. दुभाषी म्हणून त्याने मला सोबत घेतलं होतं.

“मॅडम, आज एका घरी सणाचं जेवण आहे,” तो म्हणाला. “इंग्रिड प्रमुख पाहुणी.”

“कुणाच्या घरी?”

“नवलभाऊंच्या.”

मी थांबले. नवलभाऊ आणि यशोदाबाई मूळचे एरंडोलकडचे. त्यांची एकुलती एक मुलगी दीपमाला धुळ्याला दिलेली. त्याच्या आदल्या वर्षी आखाजीला माहेरी आली, परत गेली आणि त्याच महिन्यात सासरच्या विहिरीत सापडली. ‘पाय घसरून पडली,’ असं बातमीत होतं. विवाहितांचे पाय आपल्याकडे फार घसरतात. पायांच्या या दुबळेपणावर कुणी अजून प्रबंध लिहिलेला नाही.

आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात आणि त्याच्या जागी जिवंत माणसाला जेवायला बसवतात. त्याला पितर म्हणतात. खरं तर हे सासरच्यांचं काम. त्यांनी केलं नाही. आईबापांनी करायचं ठरवलं, तर विहिरीतल्या मुलीचं पितर व्हायला गल्लीतल्या एकाही घराने आपली लेक दिली नाही.

म्हणून पाहुणी.

“तिला विचारलंस?” मी म्हणाले.

“तुम्हीच सांगा ना. तुमचं इंग्रजी चांगलं आहे.”

मी सगळं सांगितलं. विहिरीसकट. इंग्रिड म्हणाली, “किती सुंदर प्रथा.”

ओट्यावर नवी घागर, काठोकाठ भरलेली. तिच्या तोंडावर खरबूज. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडया. इंग्रिड पाटावर बसली. हाताने जेवता येईना, रस कोपरापर्यंत ओघळला, बायका हसल्या. तिनेही हसून घेतलं. बाहेर कडुलिंबाला झोका बांधला होता. मुली गात होत्या.

जेवण झालं. यशोदाबाईंनी तिला कुंकू लावलं, ओटी भरली. इंग्रिड उठली, पाठीला पिशवी लावली.

इथे एक नियम आहे. तो लिहिलेला नाही, पण प्रत्येकाला ठाऊक आहे. पाहुण्याला थांब म्हणावं, पितराला म्हणू नये. पितर जेवलं की त्याला जाऊ द्यायचं.

इंग्रिडचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता.

“थांब व बेटा,” यशोदाबाई म्हणाल्या. “ऊन शे. सांज लगुन थांब.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

इंग्रिडला मराठीतला किंवा आमच्या अहिराणीतला एकही शब्द कळत नव्हता...

ती थांबली.

तिने बाहेरचा पाय आत घेतला. पिशवी उतरवली. गळ्यातला रुमाल डोक्यावरून पुढे ओढून घेतला, सासरी ओढतात तसा.

बाहेर गाणं थांबलं. मुली एकेक करून झोक्यावरून उतरल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

“चला मॅडम, बाजार राहिलाय,” अखिल म्हणाला. त्याला काहीच दिसलं नव्हतं. दाखवण्याचा धंदा करणाऱ्यांना सहसा दिसत नाही.

आम्ही तिला उठवून बाहेर आणलं.

रस्ता ओस होता. नेहमी हातातल्या नकाशात डोकं घालून चालणारी ती मुलगी आमच्या पुढे चालू लागली. तलाव आला तेव्हा तिने रस्ता बदलला. पाण्याकडे पाठ करून पलीकडून गेली. मग एका बोळात वळली. त्या बोळातून आणखी एका बोळात.

मी खाली पाहिलं.

तिच्या चपलांचे ओले ठसे उमटत होते...

वैशाखातल्या डांबरावर पाणी टिकत नाही. हे टिकत होतं.

मोबाइलच्या एका बंद दुकानासमोर ती उभी राहिली. शटरवर तळहात ठेवला.

“आठे मना शिवणना क्लास व्हता.”

अखिल हसला. “बघा, किती लवकर शिकली.”

मग त्याचं हसू त्याच्याच तोंडावर अवघडून राहिलं.

ती पुढे निघाली. गाठली ती एक पोलीस चौकी. सणाची दुपार, पंखा, एक हवालदार. ती समोरच्या बाकावर बसली आणि बोलू लागली. सावकाश. रडली नाही.

“मना पाय घसरना नही. माले लोटी दिनं.”

कुणी लोटलं, त्याचं नाव सांगितलं. सासू कुठे उभी होती, सांगितलं. दोर आपल्या हातात होता, तो वरून कुणी सोडला, तेही सांगितलं.

हवालदार इकडचाच. त्याला शब्द न् शब्द कळत होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते.

“हिचा पासपोर्ट कुठाय?” तो अखेर म्हणाला.

“तुम्ही लिहून घ्या,” मी म्हणाले.

“विहीर धुळ्याची. हद्द आमची नाही. आणि परदेशी बाईचा जबाब दुभाष्याशिवाय घेता येत नाही.”

“भाऊ, ती तुमच्याच बोलीत बोलतेय.”

“म्हणून तर, मॅडम.”

त्याने पेनाचं टोपण लावलं.

इंग्रिडने त्या टोपणाकडे पाहिलं. बराच वेळ. मग तिची मान खाली गेली. वर आली तेव्हा ती इंग्रजीत म्हणाली, “आपण कुठे आहोत? माझे पाय का भिजलेत?”

त्याच संध्याकाळी आम्ही तिला मुंबईच्या गाडीत बसवलं. ती खिडकीतून हात हलवत गेली. मला हायसं वाटलं, ते कबूल करते.

परत नवलभाऊंकडे गेले. ओट्यावर घागर तशीच होती. खरबूज जागच्या जागी. तडा नाही, ओल नाही.

आत पाण्याचा थेंब नव्हता.

“गई का पोर, अक्का?” यशोदाबाईंनी विचारलं.

“गेली.”

त्या हसल्या. मला ते हसू कळलं नाही.

आता कळतं.

काही महिन्यांनी नॉर्वेहून इंग्रिडच्या आईचा फोन आला. मुलगी दुपारी झोपते आणि झोपेत बोलते. घरासमोर समुद्राची खाडी आहे. त्या बाजूची खिडकी ती उघडू देत नाही. स्वतःच्या आईला ओळखते, पण कधीकधी उशिरा. आईने ध्वनिमुद्रण पाठवलं. ‘ही भाषा कोणती, आणि ती काय म्हणते?’

मी ऐकलं. मागे कसला तरी आवाज होता... दोर फांदीवर घासतो तसा. आणि इंग्रिडचा आवाज.

“माय, माले परत धाडु नको.”

मी ते घेऊन यशोदाबाईंकडे गेले. थांब ज्याने म्हटलं, त्यानेच जा म्हणायचं असतं. दुसऱ्या कुणाचा शब्द चालत नाही. मी समजावलं. तिकडेही एक आई आहे, म्हणाले. फोन समोर धरला. एवढंच म्हणा, जा.

यशोदाबाईंनी मुद्रण ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा.

“त्या आखाजीले हाईच बोलनी ती,” त्या म्हणाल्या. “हाईच. पाय धरीसन. तरी मी धाडं.”

नवलभाऊ भिंतीकडे तोंड करून बसले होते.

“आते नही, अक्का.”

माझ्या कपाटांत या प्रथेवर जेवढं लिहिलं गेलंय तेवढं सगळं आहे. या वाक्यापुढे काय म्हणायचं, ते त्यात कुठेही नाही.

लिंबाचा झोका त्यांनी अजून सोडलेला नाही. आखाजी पुन्हा जवळ आली आहे.

आणि तिकडच्या आईचा फोन रोज येतो. भर दुपारी. ती हल्ली एकच विचारते, त्या शब्दांचा अर्थ काय.

आत्ताही वाजतोय.