मोठ्या गेटातून

या, सरकून बसा. दिवा लावू नका, डास येतात. आणि ए शहाण्या, तो मोबाइल पालथा ठेव. त्या उजेडात तुझं तोंड भुतासारखं दिसतंय, आणि मला काही भुताची गोष्ट सांगायची नाहीये. मी सांगतोय ते माझ्या साडूचं. सख्खा साडू, तुमच्या काकूच्या धाकट्या बहिणीचा नवरा. काचेचं दुकान आहे त्याचं. खिडक्यांच्या काचा कापतो, आरसे बसवतो. बोलायचं म्हटलं की जिवावर येतं त्याच्या. असला माणूस थापा मारत नाही. मारायला शब्द कुठून आणणार?

मे महिन्यातला शेवटचा शनिवार. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती, चांगलं टिपूर चांदणं होतं. आम्ही दोघं माझा टेम्पो घेऊन त्याच्या मुलीचं सामान आणायला निघालो होतो. एक पेटी, एक गादी, एक पिशवी. एवढंच काम.

मुलगी नव्हती. महिन्यापूर्वी गेली होती. ते कॅथलिक लोकांचं विद्यापीठ, तिथल्याच वसतिगृहात राहायची. शेवटचं वर्ष. रात्री ताप चढला, मेंदूत गेला, आणि आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

साडू रडला नाही. दुकान उघडायचा, काचा कापायचा, ताटात पडेल ते जेवायचा. भाजीत मीठ आहे की नाही, कळत नव्हतं त्याला. एकदा तळहातात काच घुसली तर रक्ताकडे नुसता बघत बसला, हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. आणि हाच माणूस, मुलगी लहान असताना दुकानात तिचा अंगठा कापला तेव्हा तिला उचलून अनवाणी पळाला होता डॉक्टरकडे. तिच्या अंगठ्यावर तिरकी खूण राहिली ती राहिलीच.

माझ्या मेहुणीचं उलटं. तिनं तेव्हापासून एकच धोशा लावला होता. त्या दिवशीही आम्ही निघालो तशी दारात आली.

"सामान नकोय मला. तिला घेऊन या."

साडू म्हणाला, "बरं." बाजारातून कोथिंबीर आणा म्हटल्यावर म्हणावं तसं.

आता त्या विद्यापीठाची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिथं एक मोठं गेट आहे. लोखंडी, वर क्रूस. फादर त्यातून जातात, सिस्टर जातात, पाहुणे जातात, दूधवालासुद्धा जातो. विद्यार्थी जात नाहीत. विद्यार्थ्यांनी बाजूच्या लहान दारानंच जायचं. शिक्षण पुरं व्हायच्या आत जो मोठ्या गेटातून ये-जा करेल, त्याचा पाय तिथून सुटत नाही, असं पोरं मानतात. सुटायचं कधी, तर शेवटच्या वर्षाच्या निरोपाच्या रात्री. चॅपलमधल्या मोठ्या मेणबत्तीवर आपली मेणबत्ती पेटवायची. झाडांच्या रस्त्यानं गेटापर्यंत चालत यायचं. बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. गेट ओलांडलं की फुंकर मारायची, मऊ मेणात आपला अंगठा उठवायचा, आणि तो तुकडा आपल्या धाकटीला द्यायचा. धाकटी म्हणजे खालच्या वर्गातली, पहिल्या दिवशी वाटून दिलेली. ती लहान दारानं आधीच बाहेर येऊन उभी असते.

साडूची मुलगी हसायची या सगळ्याला. पण पाळायची. एकदा आम्ही तिला सोडायला गेलो आणि मी टेम्पो मोठ्या गेटातून घातला, तर ही बया चालत्या टेम्पोतून उडी मारून लहान दारानं पळाली, आणि आत कमरेवर हात ठेवून उभी! म्हणाली, "काका, मला जन्मभर इथंच ठेवायचंय का?"

आणि नेमकं तिलाच मोठ्या गेटातून नेलं. त्या गडबडीत. अँब्युलन्स काय लहान दारातून जाते?

आम्ही पोचलो, तर नेमकी तीच निरोपाची रात्र. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. काळे झगे, हवेत उडणाऱ्या टोप्या, एकमेकांच्या सदऱ्यांवर सह्या. फादर लोक झगे खोचून पोरांबरोबर रस्सीखेच खेळत होते. एका पोरानं साडूला कुणाचा तरी बाप समजून गाठलं आणि तोंडात केक कोंबला. साडूनं तो खाल्ला. तोंड पुसलं. चालायला लागला.

सिस्टरनं खोली उघडून दिली. मी गादी गुंडाळली, त्यानं पेटी भरली. पलंगाखाली रबरी चपला होत्या. डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता, तो यानंच पितळी तारेनं बांधून दिला होता. त्यानं चपला पिशवीत घातल्या. पिशवी खांद्याला लावली.

दारात एक मुलगी उभी होती. हातात कोरी मेणबत्ती.

"काका, मी ताईची धाकटी."

साडूनं मान हलवली.

"ताईची मेणबत्ती न्यायला कुणी नाही. आणि ताई... तशीच गेली ना, गेटातून."

"मग?" मी विचारलं.

तिनं सिस्टरकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "रात्री व्हरांड्यात चपला वाजतात. एक नीट वाजते. एक तारेची. या खोलीपर्यंत येतात नि थांबतात."

सिस्टर म्हणाल्या, "मुली घाबरल्यात हो. मनाचे खेळ." आणि स्वतःच छातीवर क्रूस काढला.

साडूनं पलंगाखाली चपलांच्या जागेकडे बघितलं. मग हात पुढे केला.

"दे इकडे."

मी सामान टेम्पोत टाकून गेटाबाहेर जाऊन थांबलो. आता आतलं जे सांगतो, ते त्यानं मला परतीच्या वाटेवर सांगितलं. त्याच्या एवढ्याशा शब्दांत.

सगळी पोरं पुढे गेली. हा शेवटी निघाला. हातात चॅपलमध्ये पेटवलेली मेणबत्ती, खांद्याला पिशवी. दोन्ही बाजूंना झाडं. पान हलत नव्हतं.

अर्ध्या रस्त्यात मागून आवाज आला.

चट्ट. ... खर्र.

चट्ट. ... खर्र.

तो थांबला. आवाज थांबला.

तो चालला...

त्यानं पिशवीत हात घातला. चपला होत्या. दोन्ही. तार बोटाला लागली.

आवाज मागे. चपला हातात.

"मग मागे बघितलं का त्यांनी?"

नाही. थांब, मधे बोलू नकोस... नाही बघितलं. पोरांनो, तुम्ही अजून लहान आहात. महिनाभर ज्या पोरीला बघायला जीव दिला असता, ती चार पावलांवर, आणि बापानं मान वळवायची नाही. मला तर नसतं जमलं. मी त्याला विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाला, नाही. काहीच नाही वाटलं. फक्त मान दुखत होती.

गेट आलं. तो ओलांडून बाहेर आला. हे मी बघितलं. माझ्या डोळ्यांनी. तो गेटाबाहेर आला आणि तसाच उभा राहिला, गेटाकडे पाठ करून. मेणबत्ती जळत होती.

आवाज गेटाच्या आत थांबला होता.

पुढे येईना.

मी हाक मारणार होतो, पण धाकटीनं माझी बाही धरली. बाहेर आलेल्या पोरांची गिटार चालली होती, तीही थांबली...

साडू बोलला. मेणबत्ती हातात असताना बोलायचं नसतं, पण बोलला. शिकवणीहून तिला आणायला जायचा ना, तेव्हा मैत्रिणींत रेंगाळायची, तेव्हा म्हणायचा तेच. त्याच आवाजात.

"चल गं. उशीर झालाय. आई वाट बघतेय."

काही नाही.

काही नाही...

मग ज्योत आडवी झाली. आणि विझली.

वारा नव्हता. त्यानं फुंकर मारली नाही, मी समोर होतो, त्याचे ओठ मिटलेले होते. तो म्हणतो, हाताला श्वास लागला. गरम.

त्यानं मेणात अंगठा उठवला नाही. त्याच्या लक्षातच नव्हतं ते. तसाच तुकडा धाकटीच्या हातात दिला. तिनं टेम्पोच्या दिव्याशी धरून उलटसुलट बघितला. मग तो परत त्याच्या मुठीत ठेवला.

"हा मला नको, काका. काकूंना द्या."

मघाचं सगळं त्यानं सांगितलं ते या वाटेवर. घर आलं. मेहुणी दारातच होती.

"आणलंत?"

त्यानं मूठ उघडली. मेणात ठसा होता. लहान अंगठ्याचा. त्यावर तिरकी खूण.

तेव्हा तो रडला. उंबऱ्यात बसून, दुकानातली मोठी काच फुटावी तसा. मेहुणी नाही रडली. तिनं तो तुकडा घेतला, आत गेली, आणि कित्येक दिवसांनी चुलीवर काहीतरी चढवलं.

याला आता बरीच वर्षं झाली. तो तुकडा त्यांच्याकडे कपाटावर आहे. मेहुणी रोज रात्री झोपायच्या आधी त्या ठशात आपला अंगठा ठेवते. मला आधी वाटायचं, एवढं हाताळून ठसा कधीच बुजला असेल.

गेल्या थंडीत गेलो होतो. बाहेर कडाक्याचा गारठा. कुणाचं लक्ष नाही बघून मीही अंगठा ठेवला त्यात. हा बघा माझा अंगठा, टेम्पो चालवून केवढा झालाय. मेण मऊ होतं. आत्ताच विझल्यासारखं, कोमट. मी चांगला दाबला... आणि काढला.

तोच लहान ठसा. तीच तिरकी खूण.