तोरणमाळच्या चढावर सुटलेलं इंजिन

रुचिकाला तोरणमाळच्या डोंगरावरून एकच गोष्ट आणायची होती: चढावर इंजिन किती जोर लावतं त्याचा आलेख. शहाद्याच्या तिच्या गॅरेजात डायनो होता. गाडीची चाकं रोलरवर पळवून ताकद मोजायचं यंत्र. त्यावर तिच्या टर्बो लावलेल्या डिझेल जीपने असा आकडा दिला, की बघणारे गारच पडले. तोच जोर माथ्यावर दिसला, की कार-रॅलीवाल्यांच्या सगळ्या गाड्या ताकद वाढवायला तिच्याकडे येणार होत्या. मग काय, धाकटा भाऊ चंदन गाडी चालवायला, डोंगरातला भीमसिंग वाट दाखवायला, आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन ही बाई निघाली!

एक गोष्ट मात्र तिने दोघांना सांगितली नव्हती. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, फार जोरात फिरू नये म्हणून घातलेली मर्यादा तिने इंजिनच्या कॉम्प्युटरमधून काढून टाकली होती. डायनोवर ती आडवी येत होती, आणि टर्बो बेफाम फिरतो तो डोंगरावरच्या विरळ हवेत; तापीकाठी डोंगर कुठला!

जुन्या जंगलवाटेवर वाघदेवाचं ठाणं लागलं. कडा चढण्याआधी प्रत्येक गाडी इथे थांबते. इंजिन जरा निववायचं, देवाला घास ठेवायचा, मग पुढे. भीमसिंगने हात केला. आलेख तुटेल म्हणून रुचिका नको म्हणाली. तो वळून वळून मागे बघत राहिला.

वाट अरुंद झाली. डावीकडे कातळ, उजवीकडे नुसती दरी. टर्बोची शिट्टी चढत चढत किंकाळीसारखी झाली. पुरे म्हणायला तिने तोंड उघडलं, तर स्क्रीनवरची रेघ अजून वरच जात होती. मोह मेला वाईट! ती गप्प बसली.

खाडकन आवाज! मागे पांढराफटक धूर! चंदनने क्लच-ब्रेक दाबले. गाडी थांबली, इंजिन मात्र बेभान ओरडत सुटलं.

"ताई, चावी काढी लिनी, तरी बंद नही व्हस!"

रुचिकाने लगेच ओळखलं. टर्बो फुटला होता. त्याचं तेल इंजिनात जात होतं, आणि इंजिन तेच पिऊन पळत होतं. क्लच सोडला तर गाडी उसळणार, ब्रेक सुटला तर मागे घसरणार. दोन्हीकडून चंदन दरीतच!

भीमसिंग उडी मारून चाकांमागे दगड लावू लागला. तिने बॉनेट उघडलं. इंजिन कधीही फुटेल, लोखंडाचे तुकडे अंगात घुसतील, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक! पण इंजिनची हवा तोडायलाच हवी होती. तिने हवेचा पाइप उपसला. आता तोंडाला लावू काय? गोधडी तर आत ओढली जाईल. शिदोरीचं स्टीलचं ताट! दोन्ही हातांनी तिने ते दाबून धरलं. ताट थडथडलं, वाकलं, चिकटलं. इंजिनने आचके दिले आणि बंद पडलं.

चंदनचा पाय ब्रेकवरून उचलेना. तिने तो हातांनी सोडवला आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"मले सांगाले पाहिजे व्हतं, ताई," एवढंच तो म्हणाला.

लॅपटॉपवर आलेख तसाच होता, डायनोपेक्षाही उंच. रॅलीवाल्यांना तेवढा पुरला असता. तिने तो पुसून टाकला.

तिघं चालत ठाण्यापाशी उतरले. वाकलेल्या ताटात तिने भाकरी मोडली, पहिला घास देवाला ठेवला. दुसरा चंदनला द्यायला गेली, तर तो घास तिच्या हातातून घेऊन त्यानेच तिला भरवला.